डिस्क मध्येच गायब होते तेव्हा

घरच्या स्टोरेज सर्व्हरमधली डिस्क सरळ मेली तर फार विचार करावा लागत नाही. नवी आणायची, लावायची, रिबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नवीवर डेटा पुन्हा भरणं) होऊ द्यायचं. घाम काढते ती अधूनमधून रुसणारी डिस्क. रात्री गायब, रिस्टार्ट केल्यावर हजर, मग काही दिवस सगळं सुरळीत, आणि पुन्हा एके सकाळी पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी. नवीन मंडळी अशा वेळी लगेच दुसरी डिस्क मागवतात. स्वतःचा आणि मित्रमंडळींचे सर्व्हर सांभाळताना माझं मत पक्कं झालंय की असा दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसतोच. तो केबलमध्ये, पॉवरच्या वायरीत, डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये, नाहीतर एखाद्या सेटिंगमध्ये असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: दोष डिस्कबरोबर फिरतो, की जागेला चिकटून राहतो?

त्याही आधी बॅकअप. घरचे फोटो, कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं वेगळ्या डिस्कवर काढून घ्या, आणि मगच कॅबिनेट उघडा. रेडवर (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) भिस्त ठेवून तपासणी सुरू करू नका. एक डिस्क आधीच बाहेर असताना दुसरीची केबल हलली, तर एका पॅरिटीचा, म्हणजे एकच डिस्क गेलेली सोसणारा, ॲरे (डिस्कचा गट) तिथेच बसतो.

दुसरी तयारी ओळखीची. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. रिस्टार्टनंतर ती अदलाबदल होऊ शकतात, आणि कालची एसडीसी आज भलतीच डिस्क निघते. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवा. पुढच्या सगळ्या नोंदी सिरियल नंबरानेच ठेवा.

आता लॉग. डिस्क गायब झाली की रिस्टार्ट करायची घाई नको. आधी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग फाइलमध्ये साठवून घ्या. त्यात ‘यूएनसी’ दिसलं, तर डिस्कला स्वतःच्या पृष्ठभागावरचं वाचता आलेलं नाही. ‘आयसीआरसी’ दिसलं, तर मजकूर डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत बिघडलाय. ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ नुसतं एवढंच सांगतं की जोडणी तुटली आणि कर्नल ती पुन्हा जुळवायला धडपडतोय. कारण त्यातून कळत नाही.

मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते, आकडे. क्रमांक 5, 197 आणि 198 हे खराब झालेल्या किंवा संशयित सेक्टरांचे (डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या तुकड्यांचे). ते वाढत असतील तर डिस्कच्या निरोपाची तयारी करा. 199 मात्र वाटेतल्या चुका मोजतो, म्हणजे संशय आधी डेटा केबलवर. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे जुनी डिस्क विकत घेतली असेल तर तो आधीपासूनच मोठा असू शकतो. आज किती आहे याला फारसा अर्थ नाही, आठवड्याने किती वाढला याला आहे.

नवशिके ज्याकडे बघतच नाहीत असे दोन आकडे म्हणजे 12 आणि 192. पहिला डिस्कला किती वेळा नव्याने पॉवर मिळाली ते मोजतो, दुसरा बहुतेक डिस्कमध्ये पॉवर अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा घाईने मागे घ्यावं लागलं ते. एकाच दिवशी लावलेल्या चार डिस्कमध्ये तिघींचे आकडे सारखे आणि चौथीचे पुढे, आणि सर्व्हर तर मधल्या काळात बंदच केलेला नाही, असं दिसलं की समजायचं: त्या एका डिस्कची वीज मध्येच तुटतेय.

एका मित्राच्या सर्व्हरमध्ये नेमकं हेच होतं. डिस्क फक्त रात्रीचा बॅकअप सुरू होताना पडायची. लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) पास, 197 शून्य, 199 जागच्या जागी. आम्ही ती डिस्क शेजारच्या जागेतल्या डिस्कशी बदलली, बाकी कशालाही हात लावला नाही. पुढच्या वेळी पडली ती दुसरीच डिस्क, पण जागा तीच. मग डेटा केबल बदलली, तरी फरक नाही. त्यानंतर दोन्ही डिस्कचा 12 क्रमांकाचा आकडा पाहिला आणि पॉवरच्या वायरीकडे वळलो. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) एका साटा प्लगला स्प्लिटर (एका प्लगचे अनेक प्लग करणारी वायर) लावून त्यावर चार डिस्क चालवल्या होत्या. त्या जागेचा प्लग काढून उजेडात धरला, तर आतलं प्लास्टिक पिवळं पडलेलं आणि एक पट्टी बाकीच्यांपेक्षा काळी.

हिशेब साधा आहे. साटा पॉवर प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता 1.5 अँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून 4.5. साडेतीन इंची डिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना 2 अँपिअरच्या आसपास ओढते. चार डिस्क झोपलेल्या असतील आणि बॅकअपने त्यांना एकदम उठवलं, तर एका प्लगवर 8 अँपिअरचा भार येतो. फिरायला लागल्यावर ओढ बरीच कमी होते, म्हणून दिवसभर सगळं ठीक वाटतं. आम्ही स्प्लिटर काढून टाकला, डिस्क एसएमपीएसच्या दोन वेगळ्या वायरींवर वाटल्या आणि तासातासाला झोपवण्याचं सेटिंग बंद केलं. तेव्हापासून ती जागा शांत आहे. साच्यात ओतलेल्या प्लगचे स्वस्त स्प्लिटर मी आता कुणालाच वापरू देत नाही. ते वितळल्याची उदाहरणं आहेत, आणि हा सर्व्हर घरात रात्रंदिवस चालू असतो.

आपल्याकडे लाइट जाण्याचा संशय आधी येतो. पण इन्व्हर्टरवर जाताना पुरवठा तुटला तर सहसा अख्खं मशीन रिस्टार्ट होतं. एकच डिस्क पडत असेल तर कारण कॅबिनेटच्या आत शोधा. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते मात्र चालू ठेवा.

सेटिंगचा दोष ओळखणं जास्त अवघड, कारण तिथे बदलायला वस्तूच नसते. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ प्रयत्न करत बसते. कर्नल 30 सेकंद वाट पाहतो आणि लिंक रिसेट करतो. एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क ॲरेबाहेर जाते. नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी) बनवलेल्या डिस्क सहसा 7 सेकंदांत हार मानतात आणि ॲरे तो तुकडा दुसरीकडून भरून काढतो. स्मार्टसीटीएल या कमांडमधून ही ‘एससीटी ईआरसी’ मर्यादा बघता येते, डिस्क मानत असेल तर लावताही येते. पुष्कळ डिस्क बंद झाल्यावर ती विसरतात, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क मानतच नसेल तर कर्नलची मुदत 180 सेकंद करा.

एसएमआर डिस्कचंही (ज्यांत डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात) असंच. सलग खूप लिहावं लागलं की त्या अडखळतात, आणि रिबिल्ड म्हणजे नुसतं लिहिणंच. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही मॉडेलांत हे तंत्र असल्याचं मान्य केलं होतं. त्यामुळे डिस्कवर नॅस लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. मॉडेल नंबर टाकून सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी पद्धत) आहे का ते तपासा.

झेडएफएस (पूल सांभाळणारी फाइलसिस्टीम) वापरत असाल तर चेकसमचा (वाचलेला डेटा बिघडलाय का ते दाखवणारा) रकाना नीट वाचा. चुका एकाच डिस्कवर असतील तर वरची सगळी तपासणी त्या जागेपुरती. सगळ्या डिस्कवर एकाच वेळी चुका दिसू लागल्या, तर डिस्कना सोडा आणि सामाईक गोष्टींकडे बघा: रॅम, कंट्रोलर कार्ड, एसएमपीएस. रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट चालवा. कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेली एचबीए कार्डं (डिस्क जोडायची कंट्रोलर कार्डं) जोराच्या हवेसाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये, तेही विदर्भातल्या मे महिन्यात, त्यांच्या हीटसिंकवर स्वतंत्र पंखा हवाच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारखेसह लिहून ठेवा. केबल, पोर्ट आणि प्लग एकदम बदलले तर दोष जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही आणि ती खराब केबल पुन्हा ड्रॉवरमधून बाहेर येईल. अधूनमधून येणाऱ्या दोषाला वेळ द्यावा लागतो. आधी आठवड्याला एकदा येत असेल, तर दोन दिवस शांततेत गेले म्हणून सुटलं असं धरू नका. पूलमधले चुकांचे आकडे क्लिअर करा, पूर्ण स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणं) चालवा, स्मार्टचे 12 आणि 199 टिपून ठेवा आणि महिनाभराने पुन्हा जुळवून बघा. दोष डिस्कबरोबरच फिरतोय असं निघालं, तर लाँग टेस्टचा निकाल आणि एरर लॉग साठवून वॉरंटी क्लेम टाका. डिस्क परत पाठवण्याआधी त्यावरचा डेटा पुसायला विसरू नका.