स्ट्रीट आर्टचे संग्रहालय कसे पाहावे : सांगलीकरांसाठी थोडे मार्गदर्शन

मुलांकडे युरोपात जाणारे सांगली-मिरजेचे आई-वडील ॲमस्टरडॅमला गेले की बहुधा कालव्यांची फेरी आणि व्हॅन गॉगची चित्रे एवढ्यावरच समाधान मानतात. त्यांनी अर्धा दिवस ‘स्ट्राट’ या स्ट्रीट आर्टच्या, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर रंगवल्या जाणाऱ्या चित्रकलेच्या, संग्रहालयासाठी अवश्य राखून ठेवावा. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या मागून एनडीएसएम या जुन्या जहाजबांधणीच्या धक्क्याकडे, म्हणजे संग्रहालयाकडे, जाणारी फेरीबोट विनामूल्य असून ती सुमारे पाव तासात पलीकडे पोहोचवते. संग्रहालयाला मात्र तिकीट आहे.

२०२० साली सुरू झालेले हे संग्रहालय जहाजबांधणीच्या जुन्या कारखान्यातील वेल्डिंगच्या शेडमध्ये, सुमारे ८,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ दोन एकर जागेत आहे, तेव्हा पायांत चालण्याजोगे बूट असावेत.

येथील बरीच चित्रे कलाकारांनी याच शेडमध्ये येऊन भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवलेली आहेत. म्हणून प्रत्येक चित्र आधी जमेल तितके लांबून पाहावे आणि मगच हातभर अंतरावर जावे. जवळून पाहिल्यावर स्प्रेच्या रेघेची कड धुरकट दिसते, स्टेन्सिलची, म्हणजे आकार कापून काढलेल्या साच्यावरून मारलेल्या रंगाची, कड मात्र कापल्यासारखी स्वच्छ असते. रंगाचे काही ओघळ तर मुद्दाम ठेवलेले असतात. ही नजर तयार करण्यासाठी निघण्यापूर्वी तासगाव रस्त्याला एखादा पेंटर भिंतीवर खताची जाहिरात रंगवताना दिसला, तर थोडा वेळ थांबावे. दोरीला रंग लावून ती भिंतीवर मारून तो ओळी कशा आखतो आणि अक्षर सरळ आले की नाही हे पाहण्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे कसा जातो, हे पाहण्यासारखे असते.

छपराखाली आलेल्या या चित्रांना पाऊस लागत नाही आणि त्यांच्यावर दुसरा कोणी येऊन रंगही फासत नाही; त्यामुळे त्यांची धार थोडी बोथट होते, असे माझे मत आहे. त्यासाठीच याच इमारतीच्या बाहेरील भिंतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी २०१६ साली रंगवलेले, नाझी काळातल्या डायरीमुळे जगाला माहीत झालेल्या अ‍ॅन फ्रँकचे चित्र पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

परदेशाचा बेत नसल्यास मिरजेहून गोवा एक्सप्रेसने थेट दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरावे. तेथून जवळच असलेल्या लोधी कॉलनीत सरकारी वसाहतीच्या उंच भिंतींवर देशोदेशींच्या कलाकारांनी चित्रे रंगवली आहेत. ती पाहण्यास तिकीट नाही. मात्र त्या भिंतींमागे लोक राहतात, म्हणून खिडक्यांचे फोटो काढू नयेत आणि ऊन चढण्यापूर्वी सकाळीच फिरून घ्यावे.