बराच काळ उभ्या गाडीचा चिकटलेला क्लच: गिअरबॉक्स न उतरवता सोडवताना

आधी हायड्रॉलिक्स, म्हणजे पेडलचा दाब द्रवामार्फत क्लचपर्यंत नेणारी यंत्रणा, तपासली. पेडल दाबल्यावर स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचजवळच्या सिलिंडरचा) पुशरॉड, म्हणजे ढकलदांडा, पूर्ण सरकत होता, तरी चालू इंजिनावर गिअर पडत नव्हता. म्हणजे दमटपणामुळे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दोन्ही बाजूंनी दाबणारे भाग) गंजून क्लच प्लेटचं लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, त्यांना धरून बसलं होतं. पुशरॉड अर्धवटच सरकला असता, तर दोष गळक्या सीलचा किंवा हायड्रॉलिक्समध्ये शिरलेल्या हवेचा असता.

इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं तापवून बंद केलं. पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकडी ठोकळा अडकवून रात्रभर ठेवलं. कधीकधी एवढ्यानंच सुटतो.

नाही सुटला. मग मोकळ्या मैदानात, ब्रेकची खात्री करून, इंजिन बंद असतानाच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारला. चालू लागल्यावर पेडल दाबून धरलं आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यानं दाबत-सोडत राहिलो. शेवटी ब्रेकचा एक जोरदार दाब दिल्यावर प्लेट सुटली. जॅकवर चाकं उचलून हे कधीच करू नका, गाडी घसरून पडते.

बेलहाऊसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) गंज सोडवणारं तेल मारू नका. लायनिंग तेलकट झालं की क्लच घसरतो. इनपुट शाफ्टचे (गिअरबॉक्सच्या ज्या दांड्यावर क्लच प्लेट बसते त्याचे) स्प्लाइन, म्हणजे खाचा, गंजले असतील तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.