लहान आयएसपीसाठी परवडणारा, पण दमाचा राऊटर कसा निवडावा

तालुक्याच्या गावात केबलच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेल्या लहान आयएसपींचा (इंटरनेट पुरवणाऱ्यांचा) पहिला राऊटर काही वर्षं विनातक्रार चालतो. मग आयपीएलच्या एखाद्या रात्री साडेनऊला फोन सुरू होतात : "नेट दिसतंय, पण चालत नाही." लाइनमन फायबर तपासून येतो. ओएलटीवर (ग्राहकांचे फायबर जिथे जुळतात त्या यंत्रावर) सिग्नल बरोबर असतो, अपस्ट्रीमची (आपल्याला इंटरनेट देणाऱ्या मोठ्या कंपनीची) लाइनही भरलेली नसते.

आमच्याकडे अशी रात्र आली तेव्हा राऊटरच्या पडद्यावर वर 'सीपीयू २२ टक्के' असं दिसत होतं. म्हणून तासभर आम्ही त्याच्यावर संशयच घेतला नाही. शेवटी कोअरनिहाय (कोअर म्हणजे सीपीयूतला स्वतंत्र कामकरी) तक्ता उघडला, तर एक कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे जवळजवळ रिकामे. सगळ्या ग्राहकांच्या वेगमर्यादा आम्ही एकाच मुख्य क्यूखाली (वेग आवरणाऱ्या रांगेखाली) बांधल्या होत्या, आणि तो सगळा भार एकट्या कोअरवर पडत होता. विक्रेता दुप्पट किमतीचा राऊटर घ्या म्हणत होता. तो घेतला असता तरी मांडणी तीच राहिली असती, आणि फोनही तेवढेच आले असते. तेव्हापासून मी खरेदीची सुरुवात दुकानातून करत नाही, आपल्याच आलेखापासून करतो.

पायरी १ : आपला भार मोजा

किमान दोन आठवड्यांचा आलेख काढा. त्यात एक रविवार आणि एक मोठा सामना असू द्या. रात्री ९ ते ११ मधला सर्वांत उंच आकडा त्या वेळच्या चालू पीपीपीओई सेशननी (ग्राहकांच्या लॉगिन जोडण्यांनी) भागा. समजा, दर सेशन २ एमबीपीएस आला आणि तुमचे ३,००० ग्राहक एकाच वेळी चालू असतात, तर पीकला (सर्वाधिक वापराच्या वेळी) ६ जीबीपीएस लागतात. दोन वर्षांत ग्राहक किती वाढतील ते त्यात धरा. मग एवढा भार निम्म्या ताकदीत उचलेल असाच राऊटर शोधा.

पायरी २ : जीबीपीएस नको, पॅकेट वाचा

राऊटरला खरे कष्ट पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्यांच्या) संख्येचे पडतात. १० जीबीपीएसच्या एका पोर्टवर १,५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम (तारेवरून जाणारी पॅकेट) असतील तर सेकंदाला साधारण ८ लाख १२ हजार फ्रेम येतात. ५१२ बाइटच्या असतील तर साडेतेवीस लाख, आणि ६४ बाइटच्या असतील तर १ कोटी ४८ लाख. माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा बहुधा सर्वांत मोठ्या फ्रेमचा असतो. लहान पॅकेटांचा मारा करणारा हल्ला झाला की तो आकडा उपयोगाचा राहत नाही.

मायक्रोटिकसारख्या कंपन्या चाचणीचा पूर्ण तक्ता देतात. त्यात '२५ फिल्टर नियम' ही ओळ आणि '५१२ बाइट' हा स्तंभ बघा. पीपीपीओई, क्यू आणि नॅट (एक सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटणं) यांचा भार त्यातही धरलेला नसतो, म्हणून मी तो आकडाही निम्मा करून घेतो.

पायरी ३ : कामं वेगळी करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. अपस्ट्रीमशी बीजीपी (राऊटरांनी एकमेकांना वाटा सांगायची भाषा) बोलणारा सीमेवरचा राऊटर एक, आणि ग्राहकांची सेशन सांभाळणारे बीएनजी वेगळे. एका महागड्या राऊटरपेक्षा दोन मध्यम बीएनजी मला केव्हाही बरे वाटतात. एक बिघडला तर निम्मं गाव चालू राहतं, आणि वाढ झाली की तिसरा जोडता येतो.

बीजीपीचा पूर्ण तक्ता (जगभरच्या सगळ्या रूटची, म्हणजे वाटांची, यादी) खरंच लागतो का, हेही विचारा. एकच अपस्ट्रीम असेल तर डिफॉल्ट रूट (सगळं त्याच्याकडेच पाठवणारी एकच वाट) पुरतो. दोन असतील तर डिफॉल्टबरोबर निवडक रूट घ्या. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचा पूर्ण तक्ता आता १० लाख रूटच्या आसपास आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी तो ५ लाख १२ हजारांच्या पलीकडे गेला, आणि तेवढीच जागा राखलेले अनेक जुने राऊटर जगभर अडखळले. जुना राऊटर स्वस्तात मिळत असेल तर त्यात किती रूट मावतात हे आधी बघा.

पायरी ४ : नॅटचा बोजा कमी करा

नव्या सदस्याला आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) जास्तीत जास्त ५१२ आयपीव्ही४ पत्ते मिळतात, म्हणजे सीजीनॅट (आयएसपीने सगळ्या ग्राहकांसाठी केलेलं नॅट) आलंच. प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टचा (इथे पोर्ट म्हणजे एका पत्त्याच्या आतले क्रमांक) ठरलेला गट दिला तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात, आणि ३,००० ग्राहकांना ४७ पत्ते पुरतात. गट ठरलेले असले की लॉगही (कोणी कोणता पत्ता वापरला याची नोंद) आटोक्यात राहतो. तो दोन वर्षं जपायचा आहे, हे विसरू नका.

आयपीव्ही६ (मुबलक पत्ते असलेली नवी पद्धत) मात्र आजच सुरू करा. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स यांची वाहतूक त्यावरून जाते, आणि तेवढी नॅटमधून सुटते. नवा राऊटर न घेता ताकद वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पायरी ५ : पर्याय तोलून बघा

मायक्रोटिकचा सीसीआर२११६ हा १६ कोअरचा, १६ जीबी मेमरीचा, १० जीबीपीएसचे चार पोर्ट असलेला राऊटर ९९५ डॉलरला बाजारात आला. २,७९५ डॉलरला आलेल्या सीसीआर२२१६ ला १०० जीबीपीएसचे दोन पोर्ट आहेत, पण सीपीयू दोघांचा एकच आहे. त्यामुळे सीमेवर नुसतं रूटिंग करायला २२१६ घ्या. पीपीपीओईसाठी तिप्पट पैसे मोजलेत तरी तिप्पट ग्राहक बसणार नाहीत. भारतातला भाव काढताना १८ टक्के जीएसटी धरा.

जुन्यातला सिस्को एएसआर १००१-एक्स घेणार असाल तर आधी लायसन्स तपासा. तो मुळात २.५ जीबीपीएसवर येतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं लायसन्स लागतं. लिनक्स चांगलं येणारा माणूस हाताशी असेल, तर सर्व्हरवर अ‍ॅक्सेल-पीपीपी (ग्राहकांची सेशन सांभाळणारं सॉफ्टवेअर) हाही उत्तम मार्ग आहे. असा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ६ : कागद आधी, पैसे नंतर

१५ जून २०२१ पासून परवानाधारकांना (सरकारने मान्य केलेल्या) विश्वसनीय स्रोताकडूनच उपकरणं घेऊन जाळ्यात जोडता येतात. तुमचं मॉडेल त्यात बसतं का, एमटीसीटीई (दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी) प्रमाणपत्राची प्रत मिळते का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा.

पायरी ७ : लाइट घालवून बघा

राऊटर आठ दिवस चाचणीला मागा. एका ओएलटीचे ग्राहक त्यावर घ्या आणि पीकला प्रत्येक कोअर बघा. मग पहाटे चार वाजता तो मुद्दाम बंद करून चालू करा आणि घड्याळ लावा. सगळी सेशन एकदम परत जोडायला धावतात, तेव्हा राऊटरइतकाच रेडियस सर्व्हरही (ग्राहकांचं लॉगिन तपासणारा) दमतो. तालुक्यात लाइट जाते-येते, म्हणून हीच परीक्षा मी सगळ्यात मोठी मानतो. दोन पॉवर सप्लाय असलेलाच राऊटर घ्या, आणि ते वेगवेगळ्या यूपीएसवर लावा.

खरेदीच्या पैशातून एक सुटा राऊटर कपाटात ठेवण्याइतके बाजूला काढा. त्यात दर आठवड्याला ताजं कॉन्फिगरेशन भरा आणि प्रत्येक पोर्टवर कोणती केबल जाते त्याची चिठ्ठी मराठीत चिकटवा. म्हणजे तुम्ही गावाला नसलात तरी लाइनमनला फोनवर सांगून तो बदलता येईल.