व्यक्तिमत्त्व विकारावर कॉग्निटिव्ह थेरपी करताय? या चुका टाळा

सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टला दाखवायला, येणाऱ्या नव्या थेरपिस्टच्या फायलीत पहिल्याच पानावर बारा सेशन्सचा आराखडा दिसला की मी कपाळाला हात लावते. नैराश्यासाठी बारा ते वीस सेशन्स ठीक आहेत. पण इथे, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकारात, जी धारणा हलवायची, ती लहानपणापासून मुरलेली असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात बॉर्डरलाइनच्या (भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराच्या) रुग्णांना आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं स्कीमा थेरपी (अशा मुरलेल्या धारणांवर काम करणारी थेरपी) दिली होती. आणि आपल्याला तीन महिन्यांत व्यक्तिमत्त्व बदलायचंय!

माझी सगळ्यात नावडती चूक वेगळीच आहे: क्लायंटच्या ‘हो, पटतंय’वर विश्वास ठेवणं. ही मी स्वतः केलेली आहे.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बाई यायच्या. अव्हॉइडंट (नकाराच्या भीतीने लोकांना टाळणाऱ्या), थोड्या डिपेंडंटही (दुसऱ्यांवर विसंबणाऱ्या). मूळ धारणा अशी की कुणाला नाराज केलं तर तो माणूस मला सोडून जाईल. मी थॉट रेकॉर्ड शिकवला. दर बुधवारी सुवाच्य अक्षरात भरलेला कागद यायचा: प्रसंग, विचार, पुरावा, पर्यायी विचार. मी खूश. दोन महिन्यांनी एका बुधवारी कागद चाळताना दिसलं की त्यावर गुरुवारची नोंदही भरलेली होती. तारीख उद्याची, प्रसंग उद्याचा, पर्यायी विचारसुद्धा उद्याचा! बाई सेशनला आत येण्याआधी बाहेर बसून अख्खा आठवडा एका दमात लिहीत होत्या, मी नाराज होऊ नये म्हणून. ज्या धारणेवर आम्ही ‘काम’ करत होतो, ती दोन महिने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून माझं होमवर्क करत होती.

तेव्हापासून लागलेली सवय अशी. कुणी पटकन ‘पटलं’ म्हणालं की मी विचारते, ‘यातलं काय पटलं नाही?’ काहीच नाही म्हणाले तर थांबते, गप्प बसते. विश्वास किती टक्के, हे दोनदा विचारते: डोक्याला किती आणि पोटाला किती. डोकं ऐंशी म्हणतं आणि पोट दहा, तर काम पोटातल्या दहावर करायचं. लाजाळू क्लायंटला तर होमवर्कच देते की पुढच्या वेळी अर्धा कागद कोरा आणा आणि मी काय करते ते बघा.

दुसरी खोड म्हणजे पुराव्यांची सरबत्ती. कॉग्निटिव्ह थेरपिस्ट क्रिस्टीन पॅडेस्की स्कीमाची, म्हणजे अशा मुरलेल्या धारणेची, तुलना पूर्वग्रहाशी करतात, आणि ती चपखल आहे. पूर्वग्रह असलेला माणूस उलट पुरावा पाहतच नाही, पाहिला तर वाकवतो, नाहीतर ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारतो. मग वाद घालून काय साधणार? त्याऐवजी छोट्या उलट अनुभवांची वही महिनोन् महिने ठेवायला लावा. कंटाळवाणं आहे, माहितीय. शॉर्टकट शोधणाऱ्यांना ही वही मुळीच आवडत नाही, आणि नेमके तेच लोक नंतर ‘क्लायंट रेझिस्टंट आहे’ म्हणत येतात.

डाउनवर्ड अ‍ॅरो (‘आणि तसं असलं तर काय?’ असं विचारत मूळ धारणेपर्यंत उतरणं) शेवटच्या दहा मिनिटांत काढू नका. ‘मी कुणालाच नकोय’ या तळाशी माणसाला उघडं टाकून ‘पुढच्या आठवड्यात भेटू’ म्हणणं क्रूर आहे.

एका वाईट दिवसावरून लेबल लावू नका. नैराश्याच्या भरात कोणीही डिपेंडंट दिसतं.

स्वतःला इजा करण्याचा धोका असेल तर स्कीमा नंतर, सुरक्षिततेचा आराखडा आधी. यावर चर्चा नको.

आपल्याला क्लायंटचा राग येतोय, हे लपवू नका. मी सेशननंतर दोन ओळी लिहून ठेवते: आज कशावर चिडले, कोणत्या वाक्यावर. बाहेरच्या जगात त्या माणसाशी लोक कसे वागत असतील, याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच मिळतो.

थेरपी एकदम बंद करणं तर डिपेंडंट क्लायंटसाठी कडेलोटच. मी आधी पंधरा दिवसांवर येते, मग महिन्यावर, मग तीन महिन्यांवर. मधल्या काळात काही बिघडलं तर फोन करण्याआधी त्यांनी स्वतः काय करून पाहिलं, तेवढं वहीत लिहून आणायचं.