पूलसारची छाटणी: मार्च संपेपर्यंत घाई नको

नाशिककडची दोन-तीन पोरं यंदा फ्रान्सच्या पूर्वेकडच्या जुराला, आर्ब्वा गावाजवळच्या वाईनच्या द्राक्षबागांमध्ये कामाला येतायत म्हणून लिहितोय. इथे आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडीबार अशी दोनदा छाटणी नसते, वेल हिवाळाभर झोपतो आणि छाटणी एकदाच. त्यात पूलसार, ही इथली लाल वाईनच्या द्राक्षाची जात, म्हणजे लाडावलेलं पोर. प्युपियां गावात त्याला प्लूसार म्हणतात आणि आम्हीच त्याची जगाची राजधानी असं बिनधास्त सांगतात.

मुख्य गोष्ट, हा वेल लवकर फुटतो आणि एप्रिलचं दव गोठलं की कोवळे पोंगे (नवी फूट) काळे पडतात, २०१७ आणि २०२१ ला जुरात लई नुकसान झालं. म्हणून पूलसारचे प्लॉट सगळ्यात शेवटी छाटा, उशिरा छाटला की फूट थोडी मागे सरकते, तेवढेच दिवस हातात. काडी लांब ठेवा, बुडाच्या डोळ्यांत (जिथून नवी फूट निघते त्या कळ्यांत) घड फार नसतो. मी पहिल्या वर्षी खरडीच्या सवयीने एक अख्खी ओळ दोन डोळ्यांवर कापली होती, पानं मस्त आली, घड शोधून सापडेनात, मालक काही बोलला नाही पण पुढचे आठ दिवस मला नुसतं तारा बांधायला लावलं. इथे लांब काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधतात, तिला कुर्जे म्हणतात. सकाळी दमट हवेत वाकवा, कोरड्या वाऱ्यात कडकन मोडते.

ओळींमधलं गवत एप्रिलआधी बारीक कापून घ्या, उंच गवतात गारठा जास्त. खोलगट प्लॉटला हवा ऊबदार ठेवायला मोठ्या मेणबत्त्या लागतात, हेक्टरी ३००-४००, पारा शून्याकडे आला की पेटवायच्या, उणे २ ची वाट बघत बसलात तर गेलं. मे मध्यापर्यंत निर्धास्त होऊ नका.

पुढे फुलोऱ्यात थंड पाऊस झाला तर मणीगळ ठरलेलीच. मण्यांची साल पातळ, त्यामुळे भुरी (पांढरी बुरशी) आणि कूज दोन्ही. घडाजवळची पानं फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा, दुपारच्या बाजूने काढली की मणी भाजतात. बुरशीवरची तांब्याची फवारणी हात राखून मारा, युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोचीच मर्यादा आहे.

आणि वाईन फिकी, जवळपास रोझेसारखी (गुलाबी वाईनसारखी) निघाली तर घाबरून साली रसात जास्त दिवस भिजवत बसू नका, पूलसारच्या सालीत रंगच कमी. इथे तर जेवणात ही लाल आधी आणि पांढरी नंतर ओततात.