हिंदी पेपरात योजना-बजेटचं बीट मिळालंय? आधी रकाना बघा

इंदूर, भोपाळ, जबलपूर, रायपूर, नागपूर इथल्या मराठी घरांतून हिंदी पत्रकारितेत येणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती हिंदीची. ती सोडा. बाबूराव विष्णू पराडकरांनी बनारसचा 'आज' चालवला, माधवराव सप्रेंनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, राहुल बारपुते इंदूरच्या 'नई दुनिया'चे संपादक होते. त्या घरात आपण पाहुणे कधीच नव्हतो. लिंग चुकेल, 'ने' अडकेल, डेस्कवरचे लोक दुरुस्त करतील आणि चार दिवस चेष्टा करतील, एवढंच. पण आकडा चुकला तर डेस्कवर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो तसाच छापून येतो. घाबरायचंच असेल तर त्याला घाबरा.

मी भोपाळमध्ये हिंदी दैनिकात योजना आणि बजेट बघत आले आणि आता जिल्ह्यांतून येणाऱ्या नव्या रिपोर्टरांना तेच शिकवते. विधानसभेतल्या तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतला फरक, माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांनंतरचं पहिलं अपील हे तुम्हाला येतं असं धरून चालते. सापळा एकच सांगायचा आहे आणि तो जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे, कारण त्यात मी स्वतः सापडले होते. अजूनही एक फेब्रुवारीच्या सकाळी माझ्या पोटात गोळा येतो.

बजेटच्या कागदावर कुठल्याही योजनेसमोर साधारण चार आकडे असतात. गेल्या वर्षी झालेला प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. चारही खरे, चारही सरकारी. त्यातले कुठले दोन तुम्ही शेजारी ठेवता, यावर मथळा ठरतो.

मनरेगाचंच घ्या. २०२५च्या डिसेंबरात संसदेने तिच्या जागी नवा कायदा मंजूर केला, पण शिकायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम बजेटात येत्या वर्षासाठी ८६,००० कोटी होते. आधीच्या वर्षाचा मूळ अंदाज ६०,००० कोटी. म्हणजे ४३ टक्के वाढ, 'ऐतिहासिक', पहिलं पान. आता एक रकाना सरका. त्याच आधीच्या वर्षाचा सुधारित अंदाज ८६,००० कोटी. म्हणजे वाढ शून्य. एक रुपयासुद्धा नाही.

एक वर्ष मागे जा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ६०,००० कोटी ठेवले. आधीच्या मूळ अंदाजाशी, म्हणजे ७३,००० कोटींशी ताडलं तर जवळपास १८ टक्के कपात. सुधारित ८९,४०० कोटींशी ताडलं तर ३३ टक्के. २०२१ तर आणखी मजेशीर. ६१,५०० कोटींच्या मूळ अंदाजावरून ७३,००० कोटी, म्हणजे दणदणीत वाढ. पण लॉकडाउनच्या त्या वर्षाचा सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेलेला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून मोठी कपात. एकाच पानावरून एक पेपर 'वाढ' लिहील, दुसरा 'कटौती', आणि दोघांकडे पुरावा असेल. प्रवक्त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या प्रेसनोटमध्ये आपल्या सोयीचे दोन रकाने आधीच निवडलेले असतात, आणि टक्केवारीही काढून दिलेली असते, कारण रिपोर्टर घाईत असतो.

मग बरोबर कुठलं? माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. मजुरीसारख्या, मागणी आली की खर्च करावाच लागतो अशा योजनेत सुधारित अंदाजाशी तुलना जास्त प्रामाणिक, कारण प्रत्यक्ष खर्च त्याच्याच आसपास असतो. मात्र २०२१ची कपात लिहिताना आदलं वर्ष लॉकडाउनचं होतं, हेही त्याच परिच्छेदात आलं पाहिजे. ज्या योजनांत पैसा पडून राहतो, तिथे मूळ अंदाजाशी मूळ अंदाज ताडला की सरकारचा इरादा कळतो, आणि प्रत्यक्ष खर्च बघितला की कुवत कळते. काहीही निवडा, पण काय निवडलं ते वाक्यात लिहा. 'पिछले साल के मुक़ाबले' एवढंच लिहून आणलं की मी कॉपी परत करते. पिछले साल का कौन सा आँकड़ा?

जिल्ह्यात गेलात की हाच सापळा वेगळ्या कपड्यांत भेटतो. कलेक्टर ऑफिसातून 'इतके कोटी मंजूर' येतं आणि दुसऱ्या दिवशी 'मिली सौगात' छापून येतं. मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मग काम, मग मोजमाप, मग देयक. आकडा यातल्या कुठल्या पायरीवरचा आहे हे विचारा. विचारल्यावर साहेबांचा चेहरा आंबला तर समजा, तो पहिल्याच पायरीवरचा आहे.

याच पायऱ्यांनी सगळ्यात जास्त फसवलं ते मनरेगाच्या मजुरीच्या बातम्यांत. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, बंद झाल्यावर १५ दिवसांत मजुरी, असा कायदा. वेबसाइट बघाल तर बहुतेक पैसे 'वेळेत' दिसत. गावात मात्र लोक महिना-महिना थांबलेले. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. साइटवरची घड्याळं एफटीओ, म्हणजे पैसे पाठवायचा आदेश, निघाला की थांबत. तो आदेश निघाल्यापासून केंद्राकडून खात्यात पैसे पडेपर्यंतचे दिवस त्या हिशेबातच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वराज अभियानाच्या प्रकरणात यावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे शहरातल्या पेपरांना ते दिसलं. पण गावात बसून पासबुक उघडणाऱ्याला ते आधीही दिसतच होतं.

पासबुक उघडणं म्हणजे काय, तेही सांगते. बडवानीकडच्या गावात बाई प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढते, तर शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची, कारण पैसे ती कियोस्कवर अंगठा लावून काढते आणि तिथे पासबुक छापून मिळत नाही. मग तिच्यासोबत बँकेत जायचं, छापून घ्यायचं, आणि वहीत तीन तारखा शेजारी शेजारी लिहायच्या: मस्टर बंद झाल्याची, एफटीओची, खात्यात पैसे आल्याची. सकाळची दुपार होते. बातमी त्या तीन तारखांत असते, बाईच्या डोळ्यांतल्या पाण्यात नसते. ते पाणी टीव्हीवाल्यांना घेऊ द्या.

गुरूंबद्दल माझी मतं जरा कडू आहेत. मोठी नावं येतात, चौथ्या स्तंभावर तासभर बोलतात, हार घेऊन जातात. सोबत एक कागद आणत नाहीत. मला खरं शिकवलं ते वित्त विभागातून निवृत्त झालेल्या एका लेखाधिकाऱ्याने. त्यांनी लेखाशीर्षाचा, म्हणजे बजेटात खर्चाच्या खात्याला दिलेल्या क्रमांकाचा, पहिला आकडा बघायला लावला: २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. आरोग्याचा रोजचा खर्च २२१०, आरोग्याचं बांधकाम ४२१०. मंत्री नव्या रुग्णालयाची घोषणा करतात आणि ४२१० मध्ये त्याचा पत्ता नाही, तर इमारत उभी कशातून राहणार? उत्तर बजेटातल्या दुसऱ्या खात्याच्या मागणीत असेल, बांधकाम खात्याकडे असेल, पण प्रश्न तर पडला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याच्या ट्रेझरीत असा एक माणूस असतो. चहा पाजा, नाव छापू नका.

शॉर्टकटचं म्हणाल तर विधेयकांसाठी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे हिंदी सारांश खुशाल वाचा, फक्त ज्या कलमावर बातमी आहे ते मूळ विधेयकात बघा. एआयकडून कॅगच्या अहवालाचा सारांश मात्र घेऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. राज्याचे जुने हिंदी कागद कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात, कॉपी केले की अक्षरांचा चिवडा होतो. तक्ते स्कॅन केलेले, रकाने वाकडे. यंत्र बिनदिक्कत चुकीच्या रकान्यातला आकडा उचलून देतं, तेही छान हिंदीत. तक्ता हाताने टाइप करा. कंटाळा येतो, पण टाइप करतानाच शंका सुचतात. आणि कॅगचा अहवाल उघडल्यावर आधी तो कुठल्या वर्षांचा आहे ते पाहा. कित्येकदा तो आजच्या मंत्र्याच्या काळातला नसतोच.

एक गोष्ट कुणी वर्गात सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी स्ट्रिंगरच्या, म्हणजे पगारावर नसलेल्या वार्ताहराच्या, गळ्यात जाहिरातींचं टार्गेट बांधतात. सरपंचाच्या वाढदिवसाची जाहिरात आणि त्याच सरपंचाच्या मस्टरची बातमी एका माणसाला जमत नाही. जमतं असं सांगणाऱ्याकडून काहीही शिकू नका. मी तुम्हाला नोकरी सोडा म्हणणार नाही, घरभाडं मलाही माहीत आहे. पण नेमणूक घेतानाच विचारून घ्या, आणि टार्गेट असेलच तर निदान स्वतःच्या बीटमधल्या लोकांकडे मागू नका.

एवढं वाचून हातपाय गाळू नका. गणित पाचवीचंच आहे, टक्केवारीच्या पुढे काही नाही. सुरुवात एका योजनेपासून करा, एकाच. तिचा लेखाशीर्ष शोधा, मागच्या पाच बजेटांतले चारही रकाने एका कागदावर उतरवा, मग मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईला जाऊन त्याच योजनेचे अर्ज घेऊन आलेल्यांशी बोला. आणि बजेटच्या दिवशी पीडीएफ त्याच संध्याकाळी उतरवून ठेवा. खात्यांच्या साइट बदलतात, जुन्या लिंक मरतात, आणि मूळ अंदाज काय होता हे तुम्हाला पुढच्या फेब्रुवारीत, डेडलाइनच्या तासाभर आधी लागणार आहे.