घरासाठी राउटर निवडताना आधी नेटवाल्याचा डबा बघा

राउटरला चार अँटेना आहेत की सहा, याने काही ठरत नाही. नाशिकच्या एम. जी. रोडच्या दुकानात जाण्याआधी बिलावर प्लॅनचा वेग बघा. तो १०० एमबीपीएसच्या वर असेल, तर गिगाबिट पोर्ट (१००० एमबीपीएसची केबल लावायची जागा) नसलेला राउटर घेऊच नका. खोक्यावरचा 'एसी १२००' हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची फुगवलेली बेरीज. अशा स्वस्त राउटरच्या मागचे पोर्ट बऱ्याचदा १०० चेच असतात. मग प्लॅन २०० चा असला तरी नेट ९५ च्या आसपास अडकतं.

वाय-फाय ६ (वाय-फायची नवी पिढी) आणि डब्ल्यूपीए३ (पासवर्डची नवी सुरक्षा) असलेलाच घ्या.

लोक अडकतात ते पुढे, आणि माझेही सर्वात जास्त तास इथेच गेलेत. नेटवाल्याने भिंतीवर लावलेला डबा, म्हणजे ओएनटी, फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलून देतो. पण बहुतेक घरांत तोच डबा राउटरचंही काम करत असतो. त्याच्या मागे तुमचा राउटर लावला की घरात दोन राउटर होतात. 'केबल खुपसा, चालू होतं' असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यूट्यूब चालतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग मुलाचा ऑनलाइन गेम मित्रांशी जोडला जात नाही, आणि राउटरमध्ये पोर्ट (इथे बाहेरून आत यायची वाट) उघडून बाहेरून बघायचा कॅमेरा दिसत नाही. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ निघाला, तर बऱ्याचदा नेटच मिळत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी नेटवाल्याला फोन लावा. "दादा, ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्याल का? पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड मिळेल का? मॅक आयडी बांधलाय का?" ब्रिज मोडमध्ये ओएनटी राउटरचं काम सोडतो, पीपीपीओई म्हणजे नेटला लॉगिन करायची पद्धत, आणि मॅक आयडी म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक; तो बांधलेला असेल तर नवा राउटर चालत नाही. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल, तर ब्रिज केल्यावर फोन चालू राहील ना, हेही विचारा. ब्रिजला होकार आला की कुठलाही चांगला राउटर चालेल. नकार आला तर ॲक्सेस पॉइंट मोड असलेलाच घ्या. त्या मोडमध्ये पत्ते वाटण्याचं काम जुन्या डब्याकडे राहतं, नवा फक्त वाय-फाय देतो, आणि दोन राउटरचं भांडण मिटतं. उत्तर मिळेपर्यंत खरेदी थांबवा, दुकानदार कितीही घाई करो.

टेलिफोनची वायर बसणारा एडीएसएल मोडेम-राउटर स्वस्तात गळ्यात मारला जातो. फायबरच्या घरात तो नको.

सिडकोतल्या छोट्या घराला एक राउटर पुरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून किंवा गंगापूर रोडच्या दुमजली बंगल्यात वरपर्यंत ५ गिगाहर्ट्झ नीट पोहोचत नाही. तिथे महागड्या एका राउटरवर पैसे घालू नका. दोन नगांचा मेश (मिळून एकच वाय-फाय पसरवणारे राउटर) घ्या आणि शक्य असेल तर दोन्हींमध्ये लॅनची वायर ओढा. ती वायर मेशपेक्षाही महत्त्वाची.

लाइट जाते तेव्हा राउटरबरोबर ओएनटीही बंद पडतो, त्यामुळे मिनी यूपीएस दोन्ही चालवणारा हवा. घेताना दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवा. राउटर १२ व्होल्टचा आणि यूपीएस ९ व्होल्टचा असं जमत नाही.